देवघराची चौकट

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईचे पाणी सांगलीच्या गावभागातील आमच्या घरात शिरले. ते ओसरल्यावर देवघराच्या सागवानी चौकटीवरील तैलरंगाचे पापुद्रे सुटू लागले आणि त्याखाली कमळाच्या पाकळ्यांची नक्षी दिसली. वाडवडिलांनी वेळोवेळी दिलेल्या रंगांत ती पार बुजून गेली होती.

चौकट पूर्ण वाळू देऊन माघात काम काढले. सुताराने घासयंत्र लावताच एका पाकळीची धार बोथट झाली. नक्षीला यंत्र चालत नाही. रंग सोडवणारे द्रावण ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मऊ झालेला थर बांबूच्या कामटीने काढावा, गोल मण्यांच्या खाचांत सुतळी मागेपुढे ओढावी. कॉस्टिक सोड्याने सागवान काळवंडते. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

खरा प्रश्न पुढेच होता. सुतार म्हणाला, "साहेब, लाख पॉलिश मारू. आरशासारखं चमकेल." साताऱ्याहून आलेल्या ताईने विचारले, "अरे, लाख कशाची होते, ठाऊक आहे ना?" बँकेत लाखेची सीले रोज पाहिली होती, पण हा विचार मनात आला नव्हता.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राहणारे सूक्ष्म कीटक ज्या रसाचे कवच करतात, ती लाख. फांद्या खरवडून ती काढताना असंख्य जीव मरतात. तिचाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश होते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या 15 कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही ते सांगितले आहे. तो निषेध व्यापाराचा, आपण तर केवळ वापरणारे, असा युक्तिवाद मी करून पाहिला. परंतु गिऱ्हाइकावाचून व्यापार चालत नाही, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये. मधाच्या पोळ्याचे मेणही याच कारणाने बाजूस ठेवले.

शेवटी उकळवलेल्या जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून त्याचे तीन पातळ हात दिले. प्रत्येक हातानंतर जास्तीचे तेल पुसून घेतले आणि चौकट पूर्ण वाळू दिली. तेलाच्या चिंध्यांचा बोळा ठेवू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

चौकट आरशासारखी चमकत नाही आणि दर हिवाळ्यात तेलाचा हात मागते. त्या वेळी आधी मऊ कुंचल्याने खाचा हलकेच झाडून, कोणी जीव नाही ना, हे पाहतो. बोथट पाकळी तशीच आहे. नव्याने कोरून घेतली नाही. ताई आली की दर्शनापूर्वी तिच्यावरून बोट फिरवते.

जय जिनेंद्र.