‘रोझा’ पाहून चिडलेले आणि रडलेले

करमणुकीत राजकारण आणू नका, असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचंच राजकारण सांभाळत असतो. सिनेमात जातीचा उल्लेख आला की आपल्याकडे काहींची तोंडं वाकडी होतात. इंग्लंडात तीच तोंडं वर्णाचा विषय निघाला की वाकडी होतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा ‘रोझा’ हा भाग दाखवला, तेव्हा हे पुन्हा दिसलं. एका बाजूला ढसाढसा रडलेले प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला ‘आम्हाला धडे देऊ नका’ म्हणून चिडलेले. आमचं भांडण दोघांशीही आहे, आणि खरं सांगायचं तर रडलेल्यांशी जास्त आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. निळ्या पोलीस-पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून तो काळात मागेपुढे फिरतो. मालिका १९६३ साली सुरू झाली, मध्ये बराच खंड पडला, तरी ती अजून जिवंत आहे. पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसैन, जन्म लखनौचा. २०१८ मध्ये पहिल्यांदा एक बाई, जोडी व्हिटेकर, डॉक्टर झाली. तिथूनच काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्याच मोसमातला तिसरा भाग ‘रोझा’. लेखन मॅलरी ब्लॅकमन या कृष्णवर्णीय लेखिकेचं आणि क्रिस चिबनॉल यांचं.

कथा अशी. डॉक्टर आणि तिचे तीन सोबती १९५५ सालच्या माँटगोमेरी शहरात, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, येऊन पोचतात. भविष्यातून आलेला क्रास्को नावाचा गोरा गुन्हेगार तिथे आधीच टपलेला असतो. १ डिसेंबरच्या संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार देणार आहे. तो नकार घडूच नये म्हणून तो कधी बसचालक बदलायला बघतो, कधी बसच. डॉक्टर आणि मंडळींचं काम एकच, की इतिहास होता तसा घडू द्यायचा.

आता चिडलेल्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं, ही अवकाशातल्या राक्षसांची मालिका, तिच्यात वंशवादाचं प्रवचन कशाला? आम्ही विचारतो, डॅलेक कोण होते? १९६३ सालीच टेरी नेशनने या मालिकेत आणलेले ते लोखंडी डब्यातले प्राणी आपल्याहून वेगळ्या प्रत्येक जिवाचा द्वेष करतात आणि त्याला नष्ट करायला निघतात. ते सरळसरळ नाझींचं रूप होतं, हे तिथली पोरंटोरंही जाणतात. म्हणजे वंशशुद्धीचा वेडा डब्यात बंद असेल, चिरक्या आवाजात बोलत असेल, तर ती करमणूक. तोच वेडा माणसाच्या चेहऱ्याने, बसचालकाच्या गणवेशात आला की ते प्रवचन! राजकारण साठ वर्षं होतंच. आरशात स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा आरडाओरड सुरू झाली.

याच्या उलट टोकाला एक सुखावलेला इंग्रज प्रेक्षकही होता. अमेरिकेत काय भयानक प्रकार चालायचे, म्हणून तो हळहळला. त्याच्यासाठी एक आठवण. १९५५ सालीच इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात बस कामगारांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेने ठराव केला होता की काळ्या आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घेऊ नये. कामगारांची संघटना, बरं का! १९६३ मध्ये पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला, तेव्हा २८ ऑगस्टला कंपनी नमली. सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग नावाचा शीख तिथला पहिला गोरा नसलेला वाहक झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘डॉक्टर हू’ सुरू झाली. निळ्या पेटीला माँटगोमेरीचा रस्ता सापडतो, दारातल्या ब्रिस्टलचा सापडत नाही. हे कुणाला टोचलं नाही, कारण दूरच्या पापावर हळहळणं सोपं असतं.

एवढं असूनही भाग टाकाऊ नाही. हॉटेलात रायनला, म्हणजे कृष्णवर्णीय सोबत्याला, जेवण नाकारतात. पाकिस्तानी वंशाच्या यास्मिनला तिथले लोक मेक्सिकन समजतात. काळ्यांसाठी वेगळी पाटी, गोऱ्यांसाठी वेगळी, पण आपण कुठल्या पाटीत बसतो हे तिला कळत नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली, तिच्या पायरीवर ज्याला उभं राहावं लागलं आहे त्याला हा गोंधळ लगेच ओळखू येतो. नंतर ती आणि रायन पोलिसापासून लपून बसलेले असताना आपल्या काळाबद्दल बोलतात. पोलीस आजही रायनला अडवतात, यास्मिनला आजही शिव्या ऐकाव्या लागतात. ‘आता कुठे राहिलाय वंशवाद’ म्हणणाऱ्याला त्या प्रसंगात उत्तर आहे.

आणि शेवटचा बसमधला प्रसंग. तो समजायला नियम माहीत हवा. पुढच्या जागा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या, मधल्या चालकाच्या मर्जीवर. गोरे वाढले की मधले काळे उठवायचे. म्हणजे नकार घडायचा तर बस भरलेली हवी. ती भरावी म्हणून डॉक्टर, यास्मिन आणि ग्रॅहम यांना जागेवर बसून राहावं लागतं. ग्रॅहम हा गोरा, स्वतः बसचालक होता आणि त्याची वारलेली बायको काळी. त्याला उठून जायचंय, या पापात वाटा नकोय, पण उठता येत नाही. पुष्कळ प्रेक्षकांना हा प्रसंग असह्य झाला. व्हायलाच हवा. अन्याय करणारा एक असतो, पण त्याची बस भरून देणारे निमूट बसलेले सज्जन असतात. इथे कुणी गोरा तारणहार रोझाला वाचवायला धावत नाही, हेही लेखकांनी नीट सांभाळलं.

मग रडलेल्यांशी भांडण कशाचं? ते रडले एका थकलेल्या शिंपिणीच्या धाडसावर. कथेची सगळी यंत्रणाच त्यांना तिकडे ढकलते. एक बस चुकली, एक चालक रजेवर गेला, की समतेची लढाईच रद्द! इतिहास म्हणजे जणू एका खिळ्यावर टांगलेली तसबीर. रोझाच्या घरी मार्टिन ल्यूथर किंग आणि वकील फ्रेड ग्रे दिसतात खरे, पण प्रेक्षकाच्या मनात उरते ती एकटी बाई आणि एक संध्याकाळ.

खरी रोझा पार्क्स १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेची सचिव होती. १९४४ मध्ये रेसी टेलर या स्त्रीवर गोऱ्यांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा त्याची चौकशी करायला हीच गेली होती. १९५५ च्या उन्हाळ्यात ती हायलँडर या शाळेत चळवळीचं प्रशिक्षण घेऊन आली. आपण दमलो होतो म्हणून उठलो नाही, ही गोष्ट तिने स्वतःच पुढे खोडून काढली. ती कार्यकर्ती होती. पण कार्यकर्ती म्हटलं की प्रेक्षकांचे डोळे भरून येत नाहीत, थकलेली शिंपीण म्हटलं की येतात.

ती पहिलीही नव्हती. २ मार्च १९५५ ला क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या मुलीने त्याच शहरात जागा सोडायला नकार दिला. पोलिसांनी तिला फरफटत बसमधून उतरवलं. २१ ऑक्टोबर १९५५ ला मेरी लुईस स्मिथने नकार दिला. तारीख पुन्हा वाचा. ‘रोझा’ दाखवला गेला तोही २१ ऑक्टोबरच! आणि त्याही आधी, मे १९५४ मध्ये, जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. रोझाच्या अटकेच्या रात्री त्याच बाईंनी महाविद्यालयातल्या यंत्रावर हजारो पत्रकं छापून काढली. मग ३८१ दिवस माणसं पायी चालली, गाड्या वाटून घेतल्या. कोर्टात जी केस जिंकली तिच्यात रोझा पार्क्स वादी नव्हतीच. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनाल्ड, स्मिथ आणि कोल्विन या चौघी होत्या. क्रास्कोने ती एक बस बंद पाडली असती, तर दुसरी बस होती. पत्रकं छापणारे हात तयार होते.

आमच्यातलेच काही तरुण म्हणतील, एवढ्या मोठ्या मालिकेने विषय घेतला हे काय थोडं आहे, कशाला खोड काढता? आम्ही खोड काढतो, कारण हे आपल्याही बाबतीत रोज होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ‘पँथर’ हे नाव तिकडूनच घेतलं. ते नातं अश्रूंचं नाही, अनुभवाचं आहे. महाडचंच बघा. २० मार्च १९२७ ची ओंजळ सगळ्यांना आठवते. १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, रा. बा. मोरे यांच्यासारख्यांनी परिषदेसाठी केलेली पायपीट आणि १९३७ पर्यंत चाललेली कोर्टाची लढाई किती जणांना आठवते? एकट्या महापुरुषाचा चमत्कार म्हणून जो इतिहास सांगितला जातो, तो ऐकणाऱ्याला घरी बसायची सोय करून देतो. चमत्काराला हार घालता येतो, पण त्याच्याबरोबर पत्रकं वाटायला जावं लागत नाही.

चळवळीचे नेतेही यात निर्दोष नव्हते, हेही बोललं पाहिजे. कोल्विन वयाने लहान, गरीब घरातली, रंगाने जास्त काळी. पुढे ती गरोदर राहिली, लग्न झालेलं नव्हतं. शहरभरच्या लढ्याचा चेहरा म्हणून तिला पुढे केलं गेलं नाही. गोरे वर्तमानपत्रवाले तिच्या चारित्र्यावर तुटून पडतील, हा हिशोब समजतो. पण तो हिशोब एका पोरीच्या जिवावर मांडला गेला. न्यायालयात साक्ष द्यायला मात्र तीच उभी राहिली.

तिच्या अटकेचा गुन्हा कागदावरून पुसला गेला २०२१ च्या अखेरीस. तेव्हा ती ८२ वर्षांची होती. ‘रोझा’ पाहून लोक डोळे पुसत होते, त्या रात्री तो गुन्हा तिच्या नावावर तसाच होता.