मयतीला जायला रजा कुणाला?

नंदुरबारच्या सरकारी कचेरीतील एखाद्या लिपिकाचे वडील वारले तर तो साहेबांना फोन करतो आणि गावी निघतो. अर्ज मागाहून येतो. वर्षाच्या ८ नैमित्तिक रजांतले काही दिवस जातात, कमी पडले तर अर्जित रजा लागते. पगार मात्र थांबत नाही. हा त्याचा हक्कच आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.

त्याच वेळी धडगावच्या डोंगरातला एखादा भिल्ल किंवा पावरा बांधव बारडोलीकडे उसाच्या फडात असतो. घरून फोन येतो, आई गेली. अंतर फार नाही. बारडोलीहून नवापूरमार्गे नंदुरबारला रेल्वे आहे. अडते ते मुकादमापाशी. दसरा-दिवाळीच्या सुमारास घेतलेली उचल, बहुतेकदा व्याजासह, अंगावर असते. मजुरी टनावर, आणि 'कोयता' म्हणजे दोन माणसांची जोडी. एक तोडतो, दुसरा साफ करून मोळी बांधतो. नवरा मयतीला गेला की बायकोचेही काम बसते. दुःख एकाचे, मजुरी दोघांची बुडते, आणि उचल फिटायची लांबते. शिवाय मुकादमाला धास्ती, हा परत येईल का? हीच माणसे काठीच्या होळीला गावी परततात, तेव्हा मात्र त्याला ही धास्ती वाटत नाही, कारण होळीची तारीख त्याला आधीपासून ठाऊक असते. मरणाची तारीख कुणी आधी कळवायची?

आपल्या कचेऱ्यांत 'अनुकंपा' हा शब्द कर्मचारी मेल्यावर, वारसाच्या नोकरीसाठी निघतो. जिवंत माणसाच्या घरी मयत झाली तर त्याला काय द्यायचे, याचा विचार व्यवस्थेने फारसा केलेलाच नाही.

पगारी रजा ही मालकाची मेहरबानी नव्हे, हे या देशात बाबासाहेबांनी कायद्यात आणले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खाते सांभाळत असताना, १९४५ च्या दुरुस्ती कायद्याने कारखान्यातील कामगारांना वर्षाला १० दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने २० दिवसांच्या कामामागे १ दिवस दिला, पण वर्षात २४० दिवस भरण्याची अट घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. ऐकायला बरे वाटते. पण ऊसतोडीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा! त्यात तोडणीवाल्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, ते मुकादमाच्या वहीत असते. परराज्यात गेलेल्या कामगाराला गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची तरतूद संहितेत आहे. मयतीचा उल्लेख नाही.

ब्रिटनमध्ये २०२० पासून मूल दगावलेल्या आईबापांना दोन आठवड्यांची रजा आहे. आपल्या केंद्र सरकारनेही सप्टेंबर २०२२ मध्ये, मूल मृत जन्मले किंवा जन्मल्यावर लगेच दगावले तर महिला कर्मचाऱ्याला ६० दिवसांची विशेष रजा देण्याचा आदेश काढला. योग्यच केले. पण बालमृत्यू वर्षानुवर्षे गाजतात ते धडगाव-अक्कलकुव्याचे. ज्या आयांची मुले तिथे जातात, त्यातल्या किती केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत? ज्यांच्या दारी मरण वारंवार येते, त्यांच्यासाठीच रजेचा कागद नाही.

शहाद्याच्या भूमीवर अंबरसिंग महाराजांनी १९७० च्या दशकात आदिवासी मजुराला मान वर करायला शिकवले. त्या जिल्ह्यात ही मागणी उठायला हरकत नसावी. जवळच्या नात्यातील मृत्यूला किमान सात दिवस, दोघांची बुडालेली मजुरी कारखान्याने द्यायची, जाण्या-येण्याचे भाडे द्यायचे, आणि त्या दिवसांचे व्याज उचलीवर चढवायचे नाही. कारखाने गुजरातेत, माणसे महाराष्ट्राची, म्हणून दोन्ही राज्यांच्या कामगार खात्यांना एकत्र बसावे लागेल. संघटनांनी हे कलम हंगाम सुरू झाल्यावर नव्हे, तर दसऱ्यापूर्वी, उचलीचे पैसे हातात पडण्याआधी लिहून घ्यावे. एकदा ट्रक भरला की मुकादम ऐकत नाही.