एक्सटेन्शनचं अपडेट कुणाच्या हातात?

शिक्षक मित्रहो, लिनक्समध्ये सगळं आपल्या ताब्यात असतं असं आपण मुलांना सांगतो. ग्नोम डेस्कटॉपच्या एक्सटेन्शनबाबत मात्र हे अर्धंच खरं आहे.

एक्सटेन्शन म्हणजे डेस्कटॉपला जोडलेला जावास्क्रिप्टचा छोटा प्रोग्राम. कुणी त्याने खाली डॉक आणतो, कुणी वरच्या पट्टीत हवामान दाखवतो. ग्नोमच्या संकेतस्थळावरून घेतलेलं एक्सटेन्शन आपल्या होम फोल्डरमध्ये बसतं. त्याची नवी आवृत्ती आली की ग्नोम शेल ती स्वतःच उतरवून ठेवतं आणि पुढच्या लॉगिनला बसवतं. ग्नोमच्या एक्सटेन्शन्स अ‍ॅपमध्ये हे थांबवायचं साधं बटणसुद्धा नाही!

घरच्या लॅपटॉपवर हे चालून जातं. संकेतस्थळावर येणारा कोड तपासला जातो, चुका दुरुस्त होतात, चांगलंच आहे. पण एक्सटेन्शन वेगळं चालत नाही, ते थेट शेलच्या आत चालतं. त्यात गडबड झाली तर अख्खा डेस्कटॉप अडकू शकतो, आणि वेलँडवर शेल कोसळलं की उघडी कामंही गेली. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी वीस मुलं लॉगिन करतात, तेव्हा काल रात्री काय बदललं हे सरांना माहीत नको का?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की संगणक कक्षात एक्सटेन्शन होम फोल्डरमध्ये ठेवूच नये. डेबियन, उबुंटूमध्ये डॅश टू डॉकसारखी बरीच एक्सटेन्शन्स पॅकेज म्हणून मिळतात. ती सिस्टिमच्या फोल्डरमध्ये बसतात आणि शेल त्यांना हात लावत नाही. एप्टने अपडेट कराल तेव्हाच ती बदलतात. फक्त होममधली जुनी प्रत आधी काढा, कारण दोन्ही असल्या तर होममधलीच चालते. (इथे बरेच जण फसतात.)

पॅकेजमधली आवृत्ती थोडी जुनी असते, हे कबूल. पण काय अडलंय? ग्नोम दर सहा महिन्यांनी बदलतं. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या ग्नोम 45 ने तर एक्सटेन्शन लिहायची पद्धतच बदलली आणि जुनी सगळी नव्याने जुळवून घ्यावी लागली. असे बदल दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत, आधी एकाच मशीनवर करून बघावेत. दोन दिवस ते नीट चाललं की मग बाकीच्यांवर.