आधी पाणी, मग नाव-गाव

माणूस आपला की परका, हे कागदावरून ठरवावे का? २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हा हा प्रश्न तेथे घरोघरी निघाला. लेखिका ॲली स्मिथ यांनी २०१६ ते २०२० या काळात चार ऋतूंच्या नावांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. त्यांतील ‘स्प्रिंग’, म्हणजे वसंत, या कादंबरीत बारा वर्षांची फ्लोरेन्स परदेशांतून आलेल्यांना डांबून ठेवणाऱ्या केंद्रात शिरते आणि तेथील घाणेरडी शौचालये स्वच्छ करायला लावते. कोंडलेल्यांचे कागद ती पाहत नाही; त्यांचे हाल पाहते. माझ्या मते तिचेच बरोबर आहे. आपणही दारी आलेल्याला आधी पाणी देतो, मग नाव-गाव विचारतो. वर्गात नवा मुलगा आला, तर तुम्ही आधी काय कराल?