तुपाच्या वाटीबरोबर एक गोळी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या देहूत कुत्रे उपाशी मरत नाही. सकाळी तव्यावरची पहिली भाकरी त्याची. यात्रेकरू बिस्किटांचे पुडे फोडतात, आणि एकादशीला आमच्याबरोबर त्यालाही साबुदाण्याची खिचडी मिळते. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट जिथे लहान पोरालाही पाठ, तिथे दुसरे काय होणार! खंडोबापाशी कुत्रे आहे, दत्ताच्या पायाशी तर चार आहेत. आणि तरीही आमच्याकडची कुत्री, विशेषतः पिल्ले, दरवर्षी मरतात. भुकेने नव्हे, जंतांनी. भाकरी आपण कुत्र्याला घालतो आणि तिच्यातला वाटा त्याच्या पोटातले जंत खातात. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होत असेल, देव जाणे.

विषय ओंगळ आहे, हे मान्य. वार्षिक अंकात पावसावर, आईवर आणि हुंड्यावर लेख येतात. जंतांवरचा लेख पाहून कुणी पान उलटले तर मी रागावणार नाही. परंतु ज्या गोष्टीचे नाव घ्यायला आपण लाजतो, तिच्यावर इलाज कोण शोधणार?

गेल्या मार्गशीर्षात आळीतली तांबडी कुत्री आमच्या मागच्या पडवीत व्याली. सहा पिल्ले. तीन आठवड्यांची होईपर्यंत गुटगुटीत दिसत होती. गुटगुटीत कसली, पोटे नगाऱ्यासारखी फुगलेली आणि पाठीचा कणा बोटाने मोजावा इतका वर आलेला. मग एकेक करून चार गेली. आई म्हणाली, थंडी बाधली. शेजारच्या काकूंच्या मते नजर लागली. आजोबा माळकरी, ते म्हणाले, जीवाचं आयुष्य तेवढंच. उरलेली दोन पिल्ले मी टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पिल्लाचा ओठ वर करून हिरडी दाखवली. गुलाबी असायला हवी ती खडूसारखी पांढरी होती. औषध पाजल्यावर दुसऱ्या दिवशी पडवीत जे पडले त्याचे वर्णन इथे करत नाही. शेवयांचा गुंता म्हटले तरी पुरे, आणि पुढे आठ दिवस आमच्या घरात शेवया कुणी खाल्ल्या नाहीत.

"दूध पिणाऱ्या पिल्लाला जंत कुठून येणार?" हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. साऱ्या घोळाचे मूळ इथेच आहे. आपल्या मनात जंत म्हणजे गोड खाल्ल्याने किंवा माती चाटल्याने होणारी गोष्ट. गुळाचा आणि जंतांचा काही संबंध नाही. कुत्र्याच्या गोल जंताची अळी आईच्या शरीरात, स्नायूंत वगैरे, महिनोन्‌महिने निपचित पडून असते. कुत्री गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत ती जागी होते आणि वारेतून पोटातल्या पिल्लांत शिरते. म्हणजे पिल्लू जन्माला येते तेच जंत घेऊन. दुसरा असतो अंकुशकृमी. तो आतड्याला आकड्यासारखा चिकटून रक्त पितो आणि आईच्या दुधातूनही उतरतो. पांढऱ्या हिरड्या आणि काळी पातळ विष्ठा ही त्याची करणी. तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात रक्त ते किती, आणि त्यात हे वाटेकरी! म्हणून औषध सुरू करायचे ते दुसऱ्या आठवड्यापासून, आणि दूध सुटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यायचे. पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा, आणि मोठ्या कुत्र्याला साधारणपणे तीन महिन्यांनी. पिल्लांबरोबर आईलाही द्यायचे, नाहीतर एका दाराने घालवलेले दुसऱ्या दाराने परत येते. आपण मात्र "जरा मोठं होऊ दे, मग बघू" म्हणतो, आणि ते मोठे होतच नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे विजेच्या बिलापासून खताच्या गोणीपर्यंत जे जे बारीक अक्षर घरात येते ते वाचून सांगणे माझ्याकडे असते. जंताच्या गोळीच्या वेष्टनावरचे अक्षर तर इतके बारीक की भिंगच हवे. पण त्यात एक गोष्ट कामाची असते: मात्रा वजनावर ठरते. बहुतेक गोळ्या दहा किलोंना एक या हिशेबाच्या असतात. कुत्रे काट्यावर उभे राहत नाही, हे खरे. त्याला कडेवर घेऊन आपण उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे. कुत्रे फार जड असेल तर दोघांनी मिळून करावे. एवढे गणित चौथीतल्या मुलालाही येते. गोळी गुळाच्या खड्यात किंवा तुपाने माखलेल्या भाकरीत दिली की कुत्रे बिनतक्रार गिळते. (नामदेवांची वाटी इथे उपयोगी पडते.)

गोळी दिली की काम झाले, असे मात्र नाही. ती त्या दिवशी पोटात असलेले जंत घालवते. उद्या येणाऱ्यांना अडवत नाही. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे वळवळणारे तुकडे दिसतात, ते चपट्या जंताचे. हा जंत येतो पिसवेतून. कुत्रे अंग चावताना पिसू गिळते, पिसवेत जंताची अळी असते. तेव्हा पिसवा तशाच ठेवून गोळ्या देत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

गोचिडीची गोष्ट आणखी निराळी. आमच्या भागात कारखाने आले, त्यांच्याबरोबर गॅरेजे आली आणि गॅरेजांबरोबर जळके ऑइल आले. चाकण-तळवड्याच्या रस्त्यावर कुठेही विचारा, कुत्र्याला गोचीड झाली की जळके ऑइल चोळा, असे छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटतोच. गोचीड मरते की नाही ते सोडा, कुत्रे ते ऑइल चाटते, कातडी भाजते आणि ऑइलमधले विष पोटात जाते. रॉकेलचेही तेच. गाईम्हशींसाठी आणलेले औषध अंदाजाने ओतणे किंवा गुरांचे आयव्हरमेक्टिन कुत्र्याला टोचणे हा याच धाडसाचा सुशिक्षित प्रकार. कोली जातीच्या कुत्र्यांना या औषधाची मात्रा थोडी वाढली तरी ती जीवावर बेतते, आणि हल्ली आमच्या भागातल्या सोसायट्यांत कोणकोणत्या जातीची कुत्री येऊन राहिली आहेत हे त्यांच्या मालकांनाही नीट ठाऊक नसते.

शिवाय गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहते थोडा काळ. बाकीचे आयुष्य ती भिंतीच्या भेगेत, पत्र्याखाली, पहारेकऱ्याच्या टपरीतल्या पोत्यात काढते, आणि एकेक मादी हजारांनी अंडी घालते. कंपन्यांच्या फाटकांवर पहारेकऱ्यांच्या सोबतीला जी कुत्री असतात, त्यांच्या अंगावरची गोचीड वेचून ती संपत नाही याचे कारण हेच. जागा साफ करावी लागते, भेगा बुजवाव्या लागतात. या गोचिडीतून कुत्र्याला ताप येतो. ते खाणे सोडते, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येते. लोक म्हणतात, कुणीतरी दगड मारला किंवा विष घातले. बऱ्याचदा तो गोचीडताप असतो. वेळेवर ओळखला तर डॉक्सीसायक्लिन या जुन्या औषधाने बरा होतो; साधारण चार आठवडे ते नेमाने द्यावे लागते. चार दिवसांनी कुत्रे जेवू लागले की आपण गोळ्या बंद करतो. तिथेच घात होतो.

"माणसांना औषध मिळेना, आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" असे कुणी विचारील. विचारायलाच हवे. तर 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. 2015 पासून शाळा-अंगणवाड्यांतून एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी देतात. मी एकोणीस वर्षांची, म्हणजे माझी ही शेवटचीच. योजना चांगली आहे. पण ती गोळी माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या जंतांसाठी. शाळेतून गोळी खाऊन आलेले पोर त्याच अंगणात खेळते जिथे कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पडलेली असतात. ताज्या विष्ठेतले गोल जंताचे अंडे लगेच बाधत नाही. मातीत दोनतीन आठवडे मुरल्यावर बाधते, आणि मग वर्षानुवर्षे तिथे टिकते. ते पोटात गेले तर अळी माणसाच्या शरीरात वाट चुकल्यासारखी भटकते, आणि क्वचित डोळ्यात शिरून एका डोळ्याची दृष्टी घेऊन जाते. अंकुशकृमीची अळी तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि खाजणारी नागमोडी लाल रेघ उमटवते. इंद्रायणीकाठी अनवाणी चालणाऱ्यांच्या गावाने हे ठाऊक करून घ्यायला हवे. म्हणून कुत्र्याची गोळी ही आपल्या पोरांचीच गोळी आहे. शिवाय मोठ्या कुत्र्याच्या एका मात्रेला दोनतीन वडापावांहून फारसा जास्त खर्च येत नाही.

मेंढरांचा विषय आला की याहून भयंकर जंत आठवतो. तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते. पाहणाऱ्याचे डोळे निवतात. आमच्याकडेही शेतात खतासाठी मेंढरे बसवतात, त्यांच्याबरोबर राखणीची कुत्री असतात. मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निघाल्या की त्या कापून कुत्र्यापुढे टाकायची आपल्याकडे रीत आहे. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचा एक जंत वाढतो. कुत्र्याला त्याचा काहीच त्रास नसतो. पण त्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात गेली, तर तशीच गाठ माणसाच्या यकृतात होते. ती वर्षानुवर्षे गुपचूप वाढते आणि शेवटी शस्त्रक्रियेला नेते. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात.

उत्तरेकडच्या आइसलंड देशात एकोणिसाव्या शतकात या गाठींनी कहर केला होता. तिथेही मेंढरे आणि त्यांची कुत्री हेच जगण्याचे साधन. क्राबे नावाच्या डॅनिश संशोधकाने 1863 मध्ये तिथे जाऊन या जंताचा अभ्यास केला, आणि 1864 मध्ये त्याची एक छोटी पुस्तिका लोकांच्या भाषेत छापून घरोघर फुकट वाटली. गाठी असलेले अवयव कुत्र्याला घालू नका, कुत्र्याला हात लावल्यावर हात धुवा, असे साधे सांगणे. कायदे मागून झाले. पुढच्या काही पिढ्यांत तो रोग त्या देशातून हटला. तेव्हा आजच्यासारखी हमखास गुणाची गोळी नव्हती. प्राझिक्वांटेल निघाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आपल्याकडे आज गोळी आहे, पुस्तिका नाही. आपल्या भाषेत, वाचता येईल अशा अक्षरात, चार पानांची.

कुत्री गावाबाहेर नेऊन सोडा म्हणणारे एका बाजूला आणि पुडे फोडणारे दुसऱ्या बाजूला, असे दोन पक्ष आमच्याकडे प्रत्येक कट्ट्यावर भांडतात. दोघांच्याही बोलण्यात जंत नसतो. कायद्यात तो आहे. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत नसबंदी आणि लसीकरणाबरोबर जंतनिर्मूलनही स्थानिक संस्थेकडे दिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशातही पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि जंतनिर्मूलन करण्यास सांगितले आहे. पिसाळण्याच्या भीतीने नसबंदी आणि लस यांची चर्चा होते, ती रास्तच आहे. तिसरा शब्द मात्र वाचताना गाळला जातो. त्यातून देहूची नगरपंचायत वेगळी आणि रस्ता ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द वेगळी. हद्दीचा दगड माणसांना दिसतो, गोचिडीला नाही. खोली सोडून दुसऱ्या कंपनीकडे जाणारा भाडेकरू मागे ठेवून जातो ते कुत्रे कुणाच्या हद्दीतले, याचा निकाल लागेपर्यंत ते व्यालेलेही असते.

माझे म्हणणे थोडके आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्यातरी गावात रस्ता झाडते आणि भिंती रंगवते. यंदा त्यातला एक दिवस कुत्र्यांच्या जंतांना द्यावा. तुकाराम बीजेच्या आधी एकदा आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघण्याच्या आधी एकदा, म्हणजे तीनसाडेतीन महिन्यांचे अंतर आपोआप पडते. पंचांगच आठवण करून देईल. पुढच्या दोन मात्रा दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे. डॉक्टर सरकारी दवाखान्यातून बोलवावेत, गोळ्यांचा खर्च नगरपंचायतीकडे मागावा, आणि तिने नाही म्हटले तर गणपतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा मंडळांकडे मागावा.

कुत्री धरणार कोण, असे आमच्या सरांनी विचारले. आळीतली पोरे धरतील. कुठले कुत्रे कुठे झोपते, कुठले चावते आणि कुठले नुसते गुरगुरते हे त्यांना तोंडपाठ असते. आमच्या आळीची यादी त्यांनी मला वहीच्या एका पानावर काढून दिली आहे: एकूण अकरा, त्यांतल्या दोन कुत्र्या गाभण.