भूत उसात नाही, घरात आहे

पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत जगदंबेपुढे लाखो माथे टेकतात. याच महाराष्ट्रात मुलगी नको म्हणून गर्भ पाडले गेले. विशाल फुरिया यांनी २०१७ मध्ये आपल्या पहिल्याच, कमी खर्चातल्या ‘लपाछपी’ या भयपटात हेच पाप भुताच्या गोष्टीतून मांडले. उसाच्या शेतातल्या एकाकी घरात अडकलेली गर्भवती त्यात आहे. पडद्यावरचे भूत दिवे लागताच जाते. ‘सुनेला मुलीच होतात’ हा ठपका मात्र घरात ठाण मांडून बसतो. वास्तविक, बाळाचे लिंग पित्याच्या शुक्राणूतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. कायदा सोनोग्राफी केंद्रावर नजर ठेवील. सुनेवरचा ठपका घरानेच पुसायला हवा.