हा चषक छोट्या क्लबांचाच राहू द्या

इंग्लंडमधील तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या फुटबॉल क्लबांसाठी 1983-84 मध्ये एक बाद फेरीची स्पर्धा सुरू झाली. आज ती ईएफएल ट्रॉफी म्हणून ओळखली जाते. एफए कपमध्ये ज्यांना वेम्बली मैदानावरील अंतिम सामन्यापर्यंत पोहोचण्याची आशा जवळपास नसते, त्यांना ती वाट इथे खुली होते. त्या वाटेची ओढ किती, हे 2019 च्या अंतिम सामन्यात दिसले: पोर्ट्समथ विरुद्ध संडरलँड, दोन्ही संघ तिसऱ्या श्रेणीतले आणि मैदानात 85,021 प्रेक्षक! मात्र 2016 पासून बड्या क्लबांचे 21 वर्षांखालील संघ या स्पर्धेत घुसवण्यात आले. 48 क्लब, 16 पाहुणे संघ आणि सुरुवातीलाच गटसाखळी. चाहत्यांनी बहिष्कार टाकला, स्टँड ओस पडले. मुख्य संघ न उतरवणाऱ्या क्लबांना दंडही झाला.

समर्थक म्हणतात, तरुणांना कसलेल्या खेळाडूंविरुद्ध अनुभव मिळतो आणि छोट्या क्लबांना पैसा. अनुभवाची गरज खरी आहे, पण त्यासाठी उसनवारीवर खेळाडू पाठवण्याची पद्धत आहेच. तिथे त्या मुलाला गुणतक्त्याचा ताणही सोसावा लागतो. पैशाचा मुद्दा अधिक वजनदार. या क्लबांची तिजोरी रिकामी असते, हे नाकारता येणार नाही. तरीही वरच्या श्रेणीने आपल्या प्रचंड प्रक्षेपण-उत्पन्नातला वाटा थेट द्यावा. त्याच्या बदल्यात गरिबाचा चषक मागणे अन्यायाचे आहे.